सिद्रामप्पाच्या घराचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घर कुठे आहे, असे विचारू नका. घर नाही.

होटगीच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या एका खेड्यात सिद्रामप्पाने मला बसवले. चौकट बाभळीची, फळ्या लिंबाच्या. सुताराने माथ्यावर नंदी कोरला. तो बराचसा शेळीसारखा झाला होता. पण गावाने नमस्कार केला, तेव्हा नंदीच. भिंती मातीच्या, वर छत म्हणून पांढऱ्या मातीचे धाबे. हे सगळे माझ्या आधाराने उभे आहे, असे मला तरुणपणी वाटे. पुढे ते खरेच तपासून पाहण्याची वेळ आली.

सिद्रामप्पाला एक सवय होती. दार उघडे असो, माणूस समोर दिसत असो, कडी वाजली की तो आधी खोकायचा आणि मग विचारायचा, "कोन हाय?"

"दिसत न्हाई का मालक? शेजारची केराबाई हाय की!" बायको, मायाक्का, हसायची.

"असंल. इचारल्याबिगर कुनाला आत घेऊ नये."

मग एका वर्षी हस्ताचा पाऊस लागला तो थांबेचना. सिद्रामप्पा ओढ्याकाठचा बैल सोडायला निघाला. "कडी लावू नगं, आलोच," म्हणाला. बैल एकटाच आला. त्याच संध्याकाळी पाणी पिऊन जड झालेले धाबे खाली बसले आणि भिंती विरघळल्या. मायाक्का केराबाईकडे होती म्हणून वाचली. पाऊस उघडला तेव्हा मी उभा होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंना काही नव्हते.

मायाक्काने माझ्यामागे गोणपाटाचे पाल ठोकले. रोज सकाळी ती उंबरा सारवी, त्यावर भस्माचे पट्टे ओढी, रांगोळी घाली. एकदा केराबाई भिंतीच्या जागेवरून सरळ आत आली, तर मायाक्का खेकसली, "भितीतनं काय यायलीस गं? दारातनं ये की!" केराबाई मुकाट्याने फिरून दारातून आली. पुढे सगळा गावच तसे करू लागला.

आता कोणाला न सांगितलेले सांगतो. रोज दिवेलागणीला माझ्यावर एक ओला तळवा टेकायचा. लाकूड तळवा विसरत नाही. कडी वाजत नसे. घरच्या माणसाने कशाला वाजवावी? सकाळी रांगोळीवर पाऊल उमटलेले असे. रोज आत जाणारे. बाहेर येणारे कधीच नाही.

इंग्रज सरकारने पडलेल्या घरांना लाकूड आणि पत्रे देण्याचे ठरवले. थंडी तोंडावर आली होती, आणि मायाक्काचा खोकला पालात मावत नव्हता. गावचे कुलकर्णी सांगायला आले, "सर्कलसाहेब पंचनाम्याला येणार आहेत. तेवढा दरवाजा आडवा कर, मायाक्का. उभं दार, त्यापुढं ताजी रांगोळी; हे घर पडलंय असं कोण लिहील?"

"आन् मालक आल्यावर कुटनं आत यायचं?"

"अगं, चहूकडून मोकळं आहे की!"

"चहूकडनं चोर येत्यात. घरचा मानूस दारातनं येतो."

सर्कल गंगाधरपंत भर दुपारी आले. पुण्याच्या कॉलेजात शिकलेले. भुतांची गोष्ट निघाली की हसून घेणारे. मायाक्का त्यांच्यासाठी गूळपाणी आणायला केराबाईकडे गेली होती. माझ्या डावीकडून पंतांना पलीकडचे शेत दिसत होते, उजवीकडून पाल. तरी ते उंबऱ्यापुढे थांबले, टोपी नीट केली आणि कडी वाजवली. दार दिसल्यावर सुशिक्षित माणूस दुसरे काय करणार?

आत कोणीतरी खोकले.

"कोन हाय?"

पंतांनी डावीकडून पाहिले. उजवीकडून पाहिले. पण सरकारी माणसाला विचारल्यावर सांगणे भाग असते.

"सर्कल," ते म्हणाले. "पंचनाम्याला."

मी उघडलो. मला कोणी ढकलले नाही, आतून ओढले.

पंत आत गेले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिले : घर उभे, मालक हजर.

"अहो साहेब, भिंत कुठाय?" कुलकर्णी कळवळले.

"मालक घरात आहे ना? मग भिंतीचं तो बघेल," म्हणत पंत घोड्यावर चढले. रिकीब त्यांना दोनदा सापडली नाही.

तांब्या घेऊन आलेल्या मायाक्काला कुलकर्ण्यांनी घडले ते सांगितले. ती घोड्याला आडवी गेली.

"सायेब, पत्रं ऱ्हाऊ द्या. मला नुस्ती पावलं दिसत्यात, बोलत न्हाईत. आवाज कसा हुता?"

पंतांनी तांब्या घेतला आणि न पिताच परत दिला.

"ओला," ते म्हणाले. "ओला होता, बाई."

मायाक्काने मान हलवली. "मंजी अजून वाळलं न्हाईत."

ती थंडी तिने पालातच काढली. बरीचशी.

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे आणि नंदीची शेळीही ओळखू येत नाही. आपल्या घरच्या दारांना जपा. बिजागरीला तेल घाला. आणि परक्या दाराची कडी वाजवण्याआधी बाजूने एकदा भिंत बघून घ्या. माझ्यापाशी आलात, तर मात्र नीट विचार करा. हल्ली आतून दोन आवाज येतात. एक विचारतो, "कोन हाय?" आणि दुसरा, बाईचा, विचारतो, "पत्रं आनल्यात का?"

उत्तर तयार नसेल तर वाजवू नका. मी अजून उघडतो.