ओडेटची मान

आईच्या अंत्यविधीत बोलायला आलेल्या बाईंनी सांगितलं, की आई ‘ग्राहक-संबंध’ या क्षेत्रात होती. शेजारी बसलेल्या मेरेनिया आंटीने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. मागच्या रांगेतल्या शेजाऱ्यांना वाटलं, बिचारी किती रडतेय.

आई तासावर सोबत द्यायची. ना दलाल, ना मालक. वेबसाइट स्वतःची, नियम स्वतःचे. आंटीही त्याच धंद्यातली. गिऱ्हाइकांसाठी आईचं नाव ओडेट, वय कायमचं चव्वेचाळीस. या धंद्यात चेहरा दाखवायचा नसला की लक्षात राहील असं दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. कोणी पावलं दाखवतं, कोणी पाठीवरचं गोंदण. आईने मान दाखवली. पाठमोरी, अंबाडा वर बांधलेला, हातात पुस्तक. ‘वाचणारी बाई’. वेलिंग्टनमध्ये देखण्या बायका ढिगाने होत्या. वाचणारी ती एकटीच.

फक्त, ती वाचत नसे. गिऱ्हाइकं फुलांऐवजी पुस्तकं आणत. ती मी वाचायची आणि सकाळी टोस्टला मार्माइट लावता लावता तिला गोष्ट सांगायची. दुपारी त्यातलं एखादं वाक्य ओडेटच्या नावाने वेबसाइटवर जगजाहीर होई. माझं निम्मं शिक्षण त्या पुरुषांनी केलं.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी आंटी फिजोआच्या फळांचा केक घेऊन आली आणि आईचा लॅपटॉप उघडून बसली.

“आता काहीतरी लिहायला हवं गं. मंगळवारी मोकळी आहेस का, असे निरोप येतायत.”

“गेली म्हणून लिहिते.”

“वेडी का काय? आमच्या धंद्यात कोणी मरत नसतं, निवृत्त होतं. लिही, फ्रान्समध्ये द्राक्षमळा घेतला.”

“आईला द्राक्षं आवडायची नाहीत.”

“ओडेटला आवडतात! अगं, मेली म्हटलंस तर ते घरी बसून रडतील. बायकोने विचारलं तर काय सांगतील, कांदा चिरतोय?”

“चिरू देत. परवा तिथे बसलेल्यांपैकी तुझ्यामाझ्याशिवाय तिला कोण ओळखत होतं? ओळखणारे सगळे मंगळवारची वेळ मागतायत. आंटी, तिच्यासाठी रडणारं आणखी कोणीतरी मला हवंय.”

आंटीने केकचा मोठा घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

“बरं. पण फोटो झकास टाक.”

मी शेवटचा टाकला, बाल्कनीत मीच काढलेला. वाऱ्याने अंबाडा सुटत आलेला, खांद्यावरून पुढचं पुस्तक दिसतंय. खाली लिहिलं : ‘ओडेट आजारपणात गेली. तुम्ही दिलेली सगळी पुस्तकं जपून ठेवली आहेत.’

पोस्ट गेल्यावर आंटीने चष्मा लावला.

“अगं बये! पुस्तक उलटं धरलंय!”

खरंच उलटं होतं. फोटो काढताना मी तिची मान किती बारीक झालीय तेवढंच पाहत होते.

“काढ, काढ! एवढ्या वर्षांची इभ्रत धुळीला मिळवलीस!”

तोवर खाली एक ओळ उमटली : ‘पुस्तक उलटं आहे.’ तिच्याखाली दुसऱ्याची : ‘नेहमीचंच. गेल्या हिवाळ्यातही होतं.’ मग तिसरा : ‘ती वाचत नाही हे मला दुसऱ्या भेटीतच कळलं होतं. पण गोष्ट काय सांगायची! मी रडतोय.’

“चोर लेकाचे!” आंटी म्हणाली. “सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी पुस्तकं आणत राहिले!” तिचा चष्मा धुरकटला होता.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं : ‘मग वाचत कोण होतं?’

“गप्प बस. घरच्यांना मध्ये आणायचं नाही, तुझ्या आईचा पहिला नियम,” आंटी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. “जाऊ दे. लिही.”

मी लिहिलं, ‘तिची मुलगी.’

मग तो तिसरा विचारता झाला : ‘निळ्या कव्हरचं माझं होतं. तुम्हाला आवडलं?’

‘आवडलं,’ मी लिहिलं. ‘शेवट मात्र मी तिला बदलून सांगितला होता.’

“काय होता शेवट?” आंटीने विचारलं.

“बाई मरते.”

“आणि तिला काय सांगितलंस?”

“बरी होते म्हणून.”

आंटीने माझ्या बशीत केकचा तुकडा वाढला. “तरीच,” ती म्हणाली. “मला फोन करून म्हणाली होती, मेरे, यंदा एक पुस्तक बरं निघालं.”