मान हलवू नका

"जिचे स्वतःचे केस कोणी पाहिले नाहीत, तिच्या हाती आपलं डोकं कसं द्यायचं?" हा प्रश्न आमच्या पार्लरमध्ये नेहमी येणाऱ्या वकीलबाईंनी काढला आणि मालकीणबाईंना तो पटला. त्यांनी मला आठ दिवस दिले. हिजाब काढ, नाहीतर कात्री खाली ठेव.

घरी सांगितलं तर अम्मी म्हणाली, "काढून टाक. मी तरी कुठे बांधते?" भाई म्हणाला, "नोकरी सोड, हिजाब नाही." दोघांची कडाक्याची जुंपली. मला कोणी विचारलंच नाही. एकोणिसाव्या वर्षी मी तो बांधला तेव्हा मीही कोणाला विचारलं नव्हतं. अम्मीने आठवडाभर अबोला धरला होता. आणि कात्री तर त्याच्याही आधीपासून माझ्या जिवाची. दोन्हीतलं एक निवड म्हणजे काय? संताप झाला माझा.

आठव्या दिवशी केस कापणाऱ्या बाकी दोघी रजेवर, आणि वकीलबाईंना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. अडला हरी म्हणतात तशा त्या माझ्या खुर्चीत बसल्या. गाढव अर्थात मी.

"मान हलवू नका," मी म्हणाले.

"नाही हलवत. पण मला सांग, बाईला स्वतःची मर्जी असते की नाही?"

"असते. मान."

"मग ही मर्जी तुझीच कशावरून?"

शेजारी केसांना रंग लावून बसलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, तिलाच विचारा ना!"

"तिला काय विचारायचं!" म्हणत वकीलबाई गर्रकन वळल्या.

कच्च!

कपाळावरचे केस भुवईपर्यंत ठेवायचे होते. मधोमध बोटभर उरले. मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. संपली नोकरी, मी मनात म्हटलं.

"अशी जाऊ लग्नाला?" वकीलबाई रडकुंडीला आल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पिशवीतला माझा जादाचा जांभळा हिजाब काढून त्यांना बांधून दिला. त्यांनी आरशात तीनदा पाहिलं, पिन जरा डावीकडे घ्यायला लावली.

"काढा हो ते," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही शोभत."

"माझं डोकं आहे!" वकीलबाई कडाडल्या. "त्यावर काय ठेवायचं ते मी ठरवीन!"

वकीलबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. कानांचं सांगता येत नाही, ते झाकलेले होते.

"पुढच्या महिन्यात येते," त्या हळूच म्हणाल्या. "हिच्याच खुर्चीत."

मालकीणबाईंनी मुकाट्याने माझी कात्री पुसून माझ्या खणात ठेवली.

"या," मी म्हणाले, "पण मान हलवायची नाही."

वकीलबाईंनी मान हलवली.