एकही केस न ठेवता

मामांनी पेशंटच्या पोटावर साबणाचा फेस चढवला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि डाव्या हाताने कातडी ताणून धरली, तेवढ्यात सिस्टरने त्यांच्या खांद्याला हात लावला. राहू द्या, म्हणाली, आजपासून वस्तरा बंद. नव्या सर्जन बाईंनी सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलंय.

पेशंट म्हणाला, फेस तरी पुसा, नाहीतर बायको ओळखायची नाही. मामांनी पुसला, पण हसले नाहीत.

अठ्ठावीस वर्षं ते या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी माणसांची अंगं साफ करत आले होते. छाती, पोट, मांड्या. जिथे सर्जनची सुरी लागायची, तिथे आदल्या संध्याकाळी मामांचा वस्तरा फिरायचा. कोणी लाजलं की ते म्हणत, तण काढल्याशिवाय पेरतं का कोणी? केस म्हणजे घाण, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यात शिकवण्यासारखं काय होतं?

सर्जन बाई त्यांच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी होती. तिने सोपं करून सांगितलं. केस ही घाण नव्हे. अंगावर मुंगी चढली की चावायच्या आधीच कळतं, ते केसांमुळे. काखेत, जांघेत कातडीला कातडी घासू नये म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. तेव्हा उगाच काढायचे नाहीत. फारच आड येत असतील तर ऑपरेशनच्या दिवशी मशिनने बारीक कापायचे. वस्तरा कितीही हलका चालवला तरी कातडीवर ओरखडे उठतात, डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक. त्यात रात्रभर जंतू वाढतात आणि मग जखम पिकण्याची भीती असते. जितकं गुळगुळीत, तितका धोका.

मागच्या खुर्चीवरून मामांनी एकच प्रश्न विचारला.

"हे कधी कळलं, बाई?"

"बरीच वर्षं झाली, मामा. आपल्याकडे यायला वेळ लागला."

मशीन मिळाल्याची सही घेतली तेव्हा मामांना आपलं नाव लिहायला दोनदा थांबावं लागलं.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचं पिशवीचं ऑपरेशन इथेच झालं होतं. बायकांचं काम मावशी करायच्या, पण त्या दिवशी त्या रजेवर होत्या. पडदा ओढून मामांनी स्वतःच वस्तरा घेतला. लाजेने तिने पदर तोंडावर घेतला होता. पदराआडून म्हणाली, घरी कधी पाण्याचा पेला हातात दिला नाहीत आणि इथे एवढे लाड. त्यांनी एकदा सुलट वस्तरा फिरवला, मग समाधान होईना म्हणून उलट फिरवला. सकाळी तेव्हाचे सर्जन म्हणाले होते, याला म्हणतात काम.

चौथ्या दिवशी टाके पिकले. अकराव्या दिवशी ती गेली. तिच्या अंगात ताकदच नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामांनी ते मान्य केलं. मागे एकच समाधान उरलं होतं, आणि घरी कोणीही आलं की ते बोलून दाखवत: तिचं शेवटचं मी माझ्या हाताने केलं, एकही केस न ठेवता.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ती दुसऱ्या हॉस्पिटलात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिने दिलेला चहा घेऊन मामा समोर बसले. म्हणाले, वस्तरा बंद झाला, मशीन दिलंय.

मुलीचे हात थांबले. का बंद झाला, हे तिने विचारलं नाही.

मामांच्या ते ध्यानात आलं. आणखीही एक ध्यानात आलं. पाहुण्यांपुढे ते तिच्या आईची ती हकिकत सांगू लागले की ही दर वेळी काहीतरी निमित्त काढून उठायची. आईचं नाव सोसत नाही, असं ते समजत आले होते.

"तुला ठाऊक होतं."

"पहिल्या वर्षालाच शिकवतात, बाबा."

पहिलं वर्ष म्हणजे सात वर्षं झाली. त्या वर्षी ती हॉस्टेलवरून एकाही सुट्टीत घरी आली नव्हती. अभ्यास फार असतो, असं कळवायची.

"म्हणून येत नव्हतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग आलीस कशाला?"

 हातातली शेंग तिने उघडली, दाणे वाटीत टाकले.

"शेजारच्या काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुझे बाबा दोन ताटं वाढून घेतात."

मामांनी चहाचा कप बाजूला सारला आणि तिच्यापुढच्या शेंगांतल्या मूठभर आपल्याकडे ओढल्या. सोलताना दाणे फरशीवर घरंगळत होते. ती वाकून एकेक उचलत राहिली.