लेथखालच्या हौदातलं पांढरं पाणी

फट्ट. फार वर्षांपूर्वी ऐकलेला तो नारळाचा आवाज मला अजून आठवतो. माझा पहिला दसरा होता, आणि नारळ बाहेरच्या पायरीवर फुटला होता.

मी लेथ मशीनखालचा हौद बोलतोय. खालापूरकडच्या एका लहानशा वर्कशॉपात असतो. लोखंड कापताना तापू नये म्हणून त्यावर तेल मिसळलेलं पांढरं पाणी सोडतात, कुलंट म्हणतात त्याला. ते माझ्या पोटात राहतं. पंप ते वर उचलतो. लोखंडावर, कारागिराच्या हातांवर पडून ते पुन्हा माझ्याकडे येतं.

जुने मालोजी मिस्त्री मला जपायचे. आधी पाणी भरायचं, मग तेलाची बारीक धार सोडत ढवळायचं. वर तवंग आला की फडक्याने टिपून घ्यायचे. दसऱ्याला बजावायचे, "नारळ भायेर फोडा रं. याला गोड सोसत नाय."

ते थकून घरी बसले आणि मशीन विलासकडे आलं. पोशीरचा, मायाळू माणूस. यंदा त्याला मुलगी झाली. त्या आनंदात त्याने दसऱ्याचा नारळ मशीनवरच फोडला. नारळाचं पाणी माझ्यात उतरलं, मागून झेंडूच्या पाकळ्या. मग वर्कशॉपला सुट्टी.

सगळे परत आले तेव्हा मी नासलो होतो.

"विलास, मशीनखाली काय मेलं रं?" शेजारच्या मशीनवरचा नागू नाक धरून म्हणाला.

"आता घालवतो वास," म्हणत विलासने माझ्यात फिनेलची बाटली रिकामी केली.

वास दबला. पण ते पाणी मीच त्याच्या हातांवर सोडत राहिलो. आधी खाज सुटली, मग बोटं चिरली. मला उपसा, घासा, ताजं भरा, एवढंच म्हणायचं होतं. हौदाला कोण विचारतं?

आज त्याची बायको रुचिता माहेराहून, कळंबहून, थेट इथे आली. तान्ही पुढे करून म्हणाली, "घ्या की. बघाया बी नाय आलात."

आपलं दुखणं लेकीला लागेल, या भीतीने विलासने हात पाठीमागे नेले. "हात तेलकट हायत."

"धुवा मग. मी थांबते."

तो हलला नाही.

"पोरगी झाली म्हणून का?"

विलासने नाही म्हणून मान हलवली, पण हात पुढे केले नाहीत. पाठीमागे चिंधी गुंडाळलेली ती बोटं फक्त मला दिसत होती. बघ गं त्याचे हात, माझ्यामुळे असे झालेत.

रुचिताने बाळावर पदर ओढला आणि ती आल्या वाटेने परत निघाली.