जड ते पाठीशी

"पण सगळ्यात खोल कुठे आहे?" तिने पुन्हा विचारलं.

फोनच्या पलीकडून वनरक्षक हसला. "ताई, चालायला येताय की पोहायला? घोट्याएवढं पाणी आहे हो. पुलाखाली तेवढा एक डोह, पुरुषभर असेल. ओढ्याच्या या काठाने वर जायचं, पूल ओलांडायचा, त्या काठाने खाली यायचं. मधला चढ जरा दम काढतो, एवढंच. सकाळी निघालात तर जेवायला घरी."

पुरुषभर. तिने फोन ठेवला. पुलावर ठमीला नवऱ्याच्या खांद्यावर बसवायचं, तिने मनाशी ठरवलं. पोर खांद्यावर असताना तो वेडंवाकडं काही करणार नाही.

आतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. लिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप बंद पडल्यावर आधी तो नोकरी शोधत फिरला, मग नुसताच फिरला, मग पडून राहिला. "गोळ्या चालू ठेवा, उन्हात चालवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि तो बाहेर गेल्यावर हळूच, "सध्या एकटं सोडू नका." तेव्हापासून ती अंघोळीलासुद्धा कडी लावत नव्हती.

दुपारी सासूबाईंचा फोन. "माणूस अंथरुणाला खिळलाय आणि तुला सहली सुचतात!"

"तुमच्या लेकालाच न्यायचंय, आई."

"येतो म्हणाला?"

तो नाही म्हणाला नव्हता, एवढीच काय ती आशा.

लग्नाआधी याच वाटेवर त्याने तिची सॅक बघून कपाळावर हात मारला होता. "अगं, सॅक भरलीस की बोचकं बांधलंस? जड ते पाठीशी, मऊ ते बाहेर. नाहीतर चढावर सॅकच मागे खेचते." चुकीची भरलेली सॅक त्याला बघवत नसे. आल्यागेल्या पाहुण्यांच्या बॅगासुद्धा तो उपसून पुन्हा लावायचा.

म्हणून संध्याकाळी तिने त्याच्यासमोर बसून सॅक मुद्दाम चुकीची भरली. डबा बाहेरच्या बाजूला, जॅकेट पाठीशी, पाण्याच्या तिन्ही बाटल्या वर कोंबलेल्या. बंद इतके सैल, की सॅक दारुड्यासारखी कलली.

"बघ रे, जमलंय का?"

"हं."

"बाबा, आईने बोचकं केलं!" ठमी खिदळली.

"हं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

सकाळी सॅक उचलायला गेली आणि थबकली. सॅक ताठ उभी होती. डबा पाठीशी, जॅकेट बाहेर, बंद बरोबर तिच्या उंचीला आवळलेले. आनंदाने ती हाक मारणारच होती, तेवढ्यात ओट्याकडे लक्ष गेलं. त्याची बाटली सॅकमधून बाहेर काढून ठेवली होती. रिकामी, पुसलेली, पालथी.

"जाऊन या तुम्ही दोघी," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "घाई करू नका. सावकाश या."

कितीतरी दिवसांत तो एवढं बोलला नव्हता. आवाज अगदी शांत होता, आणि तिला डॉक्टरीणबाईंचं 'एकटं सोडू नका' आठवलं.

"चल ना गं आई!" ठमी बूट घालून दारात नाचत होती.

तिने बाटली भरली. सॅक पलंगावर, त्याच्या पाठीमागे आणून ठेवली, उघडली आणि बाटली अगदी वर, आडवी घातली. झाकणही नीट लावलं नाही. मग पलंगाच्या कडेला बसली.

"तुझ्याशिवाय आम्ही जाणार नाही."

"नाही गं जमणार."

"बरं. मग आम्ही इथेच बसतो."

ठमी बुटांसकट पलंगावर चढली आणि बापाच्या पायांना टेकून बसली. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत पलंगापर्यंत आलं. सॅकमधून पाणी झिरपायला लागलं होतं; चादरीवरचा ओला डाग पसरत पसरत त्याच्या पाठीला लागला.

"आडवी ठेवलीस," तो अखेर म्हणाला.

"मला नाही येत भरता."

तो वळला नाही. पण एक हात मागे आला, चाचपडला, झाकण सापडल्यावर त्याने ते घट्ट पिळलं. मग तो हात तिथेच राहिला, सॅकच्या पट्ट्यावर.

तिने तो धरला नाही. फक्त जागची हलली नाही.