सोळा इंचांचा फेरा

शेंदूरजनाघाटचे खुशालराव संत्र्याची पारख हाताने करत. दोन फळे दोन तळहातांवर तोलायची. जे जड, ते रसाळ. चाळीस वर्षांत हा नियम चुकला नव्हता. म्हणून तो त्यांनी रायफलीच्या गोळीलाही लावला.

अमरावतीच्या रायफल क्लबात रविवारी ज्येष्ठांची स्पर्धा होती. सलग दोन वर्षे ढाल नेली होती अकोल्याच्या नत्थुजींनी, म्हणजे खुशालरावांच्या व्याह्यांनी. त्यांच्याकडे चहाला गेले की खुशालरावांची खुर्ची नेमकी त्या ढालीसमोर मांडलेली असे. यंदा ढाल आणायचीच, या निर्धाराने त्यांनी नेहमीच्या चाळीस ग्रेनऐवजी साठ ग्रेन वजनाच्या, दीडपट जड गोळ्या घेतल्या.

शुक्रवारी सरावात, पन्नास मीटरवरच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट चिरा उमटल्या, त्याही कागदभर विखुरलेल्या. खुशालरावांनी आधी कागदाला दोष दिला, मग वाऱ्याला. वारा नव्हता.

सोबत सून गीतांजली होती; नत्थुजींची लेक, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिने सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावली, गजावर खूण केली आणि तो नळीतून सावकाश ढकलला. आतल्या पेचदार खाचांबरोबर गज फिरत गेला. खूण पुन्हा वर आली, तेव्हा तो सोळा इंच सरकला होता.

"मामाजी, जाडी तेवढीच, म्हून जड गोळी लांब हाय," ती म्हणाली. "लांब गोळीले जोरानं फिरवा लागते. तुमची नळी सोळा इंचांत एकच फेरा देते. नऊ इंचांत देनारी पायजे होती. आता गोळी आडवी होऊन लागून राहिली."

"संत्र्यात तं असं होत नाही."

"संत्रं कोनी नळीतून मारत नाही, मामाजी."

तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा तिचा आग्रह नव्हता. चाळीस ग्रेनच्या पाच गोळ्या झाडून पाहाव्यात, एवढाच होता. खुशालरावांनी तिला खोटे पाडण्याच्या उमेदीने त्या झाडल्या. पाचही भोके गोल होती आणि संत्र्याच्या एका फोडीखाली झाकली गेली असती.

रविवारी ते तीन गुणांनी जिंकले. ढाल हाती येताच त्यांनी सवयीने ती तोलून पाहिली.

"लयच हलकी हाय."

नत्थुजींनी आधी लेकीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "इवाईबुवा, नळी तुमची, पन पोरगी माही. अर्धी ढाल माही हाय."

"मंग चहाले या," खुशालराव म्हणाले. "खुर्ची समोरच मांडतो."