समोरच्या पायरीवरून

प्रेंदाला स्वतःबद्दल कधी शंका आली नाही. बाकी सगळ्यांबद्दल आली. पक्षाबद्दल आली, देवाबद्दल आली, बेटावरच्या बसबद्दल तर रोज सकाळी येई. पण आपण चित्रकार आहोत आणि चांगल्यापैकी चित्रकार आहोत, याबद्दल तिच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही.

अल्बेनियात, तिरानाच्या कला संस्थेत शेवटच्या वर्षाला असताना तिनं 'सुगी' नावाचं चित्र दिलं होतं. एक पिवळा पट्टा, एक तपकिरी, वर बोटभर निळा. बस्स. पाच जणांची समिती चित्रासमोर उभी राहिली. मधल्या चष्मेवाल्यानं विचारलं, "कॉम्रेड, यात शेतकरी कुठं आहेत?"

"जेवायला गेलेत," प्रेंदा म्हणाली.

या दोन शब्दांपायी तिला चौदा वर्षं वीटभट्टीवर काढावी लागली. उत्तर झकास होतं, असं तिचं अजूनही मत आहे.

मग तिकडचं सरकार गडगडलं आणि अर्धा अल्बेनिया डोंगर ओलांडून ग्रीसमध्ये उतरला, त्यात चाळिशीची प्रेंदाही होती. फिरत फिरत ती या बेटावर आली. वरच्या गावात तिला काम मिळालं ते भिंतींना चुना मारायचं. इथली माणसं वाईट नव्हती, पण 'प्रेंदा' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची. आम्ही तुला पारास्केवी म्हणतो, सोपं पडेल, असं सगळ्यांचं ठरलं. "होईल सवय जिभेला," ही म्हणाली, आणि पारास्केवी अशी हाक कुणी मारली तर वळून बघेना. सहा महिन्यांत सगळं गाव प्रेंदा म्हणायला शिकलं.

चुना मारण्याआधी जुना खरवडावा लागतो. या गावातल्या भिंतींवर चुन्याचे चाळीस चाळीस हात बसलेले. खरवडायची पट्टी लावली की पांढऱ्याखालून नीळ निघे, निळीखालून गेरू, गेरूखाली कुणाच्या तरी पणजीच्या चुलीची काजळी. पहिल्याच आठवड्यात प्रेंदा एका भिंतीपाशी पट्टी हातात धरून अर्धा तास उभी राहिली. घरमालकाला वाटलं, बाईला ऊन लागलं. त्या दिवसापासून तिनं कॅनव्हासचा नाद सोडला. लाकडी फळ्या घ्यायच्या, त्यांवर चुन्याचे हात चढवायचे, मधे नीळ, गेरू, विटेची पूड, काजळी, आणि मग खरवडत आत जायचं. हात चढवायचा, खरवडायचं, पुन्हा चढवायचा. हीच तिची पद्धत. पहिलं चित्र बंदरावर बोटीची तिकिटं विकणाऱ्याच्या दुकानात टांगलं होतं. ते इटलीतल्या बोलोन्याचं एक जोडपं घेऊन गेलं. पुढं थेसालोनिकीच्या एका प्रदर्शनात तीन लागली. आणि ती बेटावर आल्याला एकोणीस वर्षं झाल्यावर अथेन्सहून इस्मिनी नावाची गॅलरीवाली उंच टाचांनी गावाच्या पायऱ्या चढून वर आली.

"तुमच्या कामात सीमा ओलांडण्याची वेदना आहे," इस्मिनी हळवी होऊन म्हणाली. "त्याबद्दल चार ओळी लिहून द्याल?"

"सीमेवर मला चपला चावत होत्या," प्रेंदा म्हणाली. "तेवढंच आठवतंय. चित्रं न्यायची असतील तर न्या."

इस्मिनी हसली आणि तिनं अख्खं दालन देऊ केलं. एकटीचं प्रदर्शन, वयाच्या साठीत. मधली मोठी भिंत एकाच चित्रासाठी राखून ठेवायची ठरली. चार फळ्या जोडलेलं, दाराएवढं उंच, गल्लीतल्या भिंतीला मावेल तेवढं रुंद. प्रेंदा अकरा महिने ते करत होती. घरात मावेना म्हणून अंगणाच्या बाहेर, गल्लीतल्या भिंतीला टेकवून. वर पत्र्याची पडवी होती, आणि चुन्याला वारा लागतोच. पुरं झाल्याशिवाय ती कुणाला फोटो काढू देत नसे. फोटोवाला चित्रं न्यायला येणाऱ्या ट्रकबरोबरच येणार होता, ईस्टरनंतरच्या मंगळवारी.

आता समोरच्या स्तामातियाबद्दल सांगायला हवं. शहात्तर वर्षांची विधवा, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या घराचं दार गल्लीपासून पाच पायऱ्या वर. सगळ्यांत वरच्या पायरीवर उशी टाकून ती रोज सकाळी इवल्याशा कपातली कॉफी तासभर पुरवायची आणि समोरच्या चित्राचा उद्धार करायची.

"प्रेंदा, भांडं करपलं का गं तुझं?"

"नाही मावशी, चित्र आहे."

"असं होय. मला वाटलं, घासायला काढलंयस."

नाहीतर, "आज कालच्यापेक्षा घाण दिसतंय." नाहीतर, "माझा नवरा असता तर म्हणाला असता, ओल आलीय." प्रेंदा मागं न वळता म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला कळत होतं म्हणायचं." अकरा महिने हा खेळ चालला होता, आणि दोघींचीही करमणूक होत होती.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार उजाडला. शुक्रवारी संध्याकाळी ख्रिस्ताची फुलांनी सजवलेली पालखी याच गल्लीतून जाणार, म्हणून दर वर्षीप्रमाणे गावभरच्या बायका बादल्या आणि कुंचे घेऊन बाहेर पडल्या होत्या. भिंती, पायऱ्या, फरशांच्या सांधी, झाडांचे बुंधे, सगळं पांढरं. प्रेंदा सकाळच्या बसनं बंदरावर गेली. चित्रं भरायच्या खोक्यांचं सुताराशी बोलायचं होतं, बोटीत ट्रकची जागा धरायची होती. दुपारी परत आली ती शीळ घालत. गल्लीच्या वळणावर शीळ बंद पडली.

चित्र नव्हतं. म्हणजे फळ्या होत्या, जागच्या जागी. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्याफटक, अजून ओल्या. समोर स्तामातिया कमरेवर हात ठेवून उभी, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेली आणि स्वतःवर खूश.

"उरकून टाकलं बघ तुझंही," ती म्हणाली. "गुडघ्यांनी जीव घेतला, पण म्हटलं पोरगी बंदरावर गेलीय, पालखी काय त्या डागांसमोरून जाणार?"

प्रेंदाच्या तोंडून शब्द फुटले ते अल्बेनियन भाषेतले, आणि त्यांचा अर्थ गल्लीतल्या मांजरांनासुद्धा कळला.

"मुद्दाम केलंस!" शेवटी ती ग्रीकमधे ओरडली. "अकरा महिने डोळ्यांत खुपत होतं ना तुझ्या? मुद्दाम केलंस, म्हातारे!"

"मुद्दाम?" स्तामातियाचा चेहरा पडला. "अगं, दर पंधरा दिवसांनी तूच चुना मारतेस की त्याच्यावर! मी डोळ्यांनी बघते. मला वाटलं, सणाचा हात राहिला."

ते खरं होतं. प्रेंदानं आत जाऊन धाडकन दार लावलं.

नवं करायला पाच दिवस कुठले पुरणार? चुन्याला घाई चालत नाही. वरचा हात ओल्या फडक्यानं आणि पट्टीनं काढता आला असता, पण खालचा तिचा शेवटचा हातही जेमतेम दोन आठवड्यांचा, तोही बरोबर निघाला असता. कुठं किती खोल जायचं आणि कुठं हात लावायचा नाही, हे नेमकं माहीत असेल तरच चित्र परत मिळणार होतं. आणि ते प्रेंदाला माहीत नव्हतं. गल्ली इतकी अरुंद की दोन पावलंसुद्धा मागं सरकता येत नसे. ती नाक फळीला लावून काम करायची आणि हाताला सुचेल तिथं थांबायची. दालनाची मोठी भिंत रिकामी राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला घाबरल्यासारखं झालं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

गुरुवारी सकाळी तरीही ती पट्टी आणि फडकं घेऊन फळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. डावीकडून सुरुवात करू, असं ठरवून तिनं पट्टी टेकवली.

"तिथं नको," मागून आवाज आला.

स्तामातिया वरच्या पायरीवर बसली होती. आज कॉफी नव्हती. ईस्टरची अंडी रंगवून आली होती, बोटं लालभडक झाली होती.

"तू गप्प बस, मावशी."

"बसते. पण तिथं पांढरंच होतं. निळं सुरू व्हायचं ते तुझ्या खांद्यापासून, वीतभर उजवीकडे. वरून रुंद, खाली जाता जाता बारीक. माझ्या थोरल्या दिराच्या नाकासारखं."

प्रेंदा वळली. म्हातारीचा चेहरा थट्टेचा नव्हता. तिनं वीतभर उजवीकडे पट्टी नेली, फडकं फिरवलं, हलकेच खरवडलं. नीळ वर आली. वरून रुंद, खाली बारीक.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं तो करपलेला भाग. हां, तिथंच. अगं हळू! एवढा मोठा नव्हता, घोंगडी नाही पसरायचीय. आता थांब. त्याच्याखाली गेरूच्या तीन रेघा. तिसरी अर्धीच होती, ती मला कधी आवडली नाही. पण होती."

दुपारपर्यंत दोघी भांडत भांडत पुढं सरकल्या. स्तामातियाला सगळं पाठ होतं. कुठला डाग कुठं संपतो, कुठं तडा गेलाय, कुठं प्रेंदानं रागानं चार ओरखडे मारले होते. रोज सकाळी तासभर, अकरा महिने ती नावं ठेवत बसली होती, आणि नावं ठेवायला नीट बघावं लागतं. प्रेंदाला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. कालचं 'म्हातारे' तिला टोचत होतं.

"झालं," शेवटच्या फळीपाशी प्रेंदा म्हणाली. "हा खालचा कोपरा कोराच होता."

"कोरा नव्हता. लाल होतं तिथं, विटेसारखं. अंगठ्याएवढं."

"मावशी, तिथं मी लाल उघडलंच नाही. माझं चित्र आहे, मला माहीत."

"उघडलंस."

"कधी?"

स्तामातिया जरा वेळ बोटांवरचा लाल रंग चोळत राहिली. "जानेवारीत. तुझा भाऊ गेल्याचा फोन आला, त्या सकाळी. तू बाहेर आलीस, इथं खाली बसलीस आणि त्या एकाच जागी खरवडत राहिलीस. रडत होतीस. मी इथंच बसले होते. तुला आत बोलवायला हवं होतं मी. बोलावलं नाही. काय बोलावं सुचेना, म्हणून त्या लाल ठिपक्याकडेच बघत राहिले. नंतर तू कितीदा तरी चुना मारलास, पण त्याच्यावर नाही. त्याला वळसा घालून गेलीस."

प्रेंदाला यातलं काहीच आठवत नव्हतं. फोन आठवत होता, भावाच्या मुलीचा आवाज आठवत होता. मधलं सगळं पांढरं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि कोपऱ्यात पट्टी टेकवली. वरचा पापुद्रा निघाला. त्याखाली अंगठ्याएवढी वीट होती, ओली, लाल.

इतकी वर्षं तिनं समित्यांना उत्तरं दिली होती, गॅलरीवाल्यांना उत्तरं दिली होती. आत्ता मात्र ती तोंडावर हात दाबून हुंदके देत होती आणि कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

मागं पायऱ्यांवर कुरकुरत, कण्हत कुणीतरी उतरत होतं. एक पायरी, मग दुसरी. पाचही उतरायला त्या गुडघ्यांना बराच वेळ लागला. मग लाल बोटांचा एक हात तिच्या काखेत आला आणि तिला वर ओढू लागला.

"ऊठ," स्तामातिया म्हणाली. "चल आत."